घरच्या स्विमिंग पूलचं पाणी उन्हावर तापवता येतं का? येतं, पण सुरुवात छतावरून करायची नाही

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाईट हाऊसच्या छतावर पाणी तापवणारी ३२ सोलर पॅनल्स बसवली. १९८६ मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या काळात ती उतरवली गेली. हा किस्सा बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे वाचलेला असतो. त्यापुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कार्यकाळात व्हाईट हाऊसच्या आवारात पुन्हा सोलर यंत्रणा बसली, आणि तिच्यातल्या एका भागाचं काम होतं तिथल्या स्विमिंग पूल आणि स्पाचं पाणी तापवणं.

आता तुम्ही म्हणाल, राष्ट्राध्यक्षांच्या पूलचं आपल्याला काय? तर मंडळी, लोणावळा, कर्जत, अलिबाग, इगतपुरी या पट्ट्यात एक चक्कर मारून या. खासगी पूल असलेले बंगले आणि भाड्याने मिळणारे व्हिला ठिकठिकाणी दिसतील. पुणे-नाशिकच्या आसपासच्या फार्महाऊसमध्येही पूल बांधले जातायत. उन्हाळ्यात या पूलवर झुंबड असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र पोरं पाण्यात पाय घालतात आणि किंचाळत बाहेर पळतात.

मग मालक विचार करतो, एवढं ऊन फुकट मिळतंय, सोलर बसवून टाकू. इथपर्यंत सगळं बरोबर आहे. पुढे कुणीतरी त्याला चुकीची वस्तू विकतो, किंवा बरोबर वस्तू चुकीच्या क्रमाने विकतो. लाखभर रुपये जातात आणि पाणी गार ते गारच राहतं. हे टाळायचं असेल तर पूल तापतो कसा आणि थंड होतो कसा, हे आधी समजून घ्यावं लागेल.

पूल तापवायला नेमकी किती उष्णता लागते?

मध्यम आकाराचा एक घरगुती पूल घेऊ. लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर आणि सरासरी खोली सव्वा मीटर. म्हणजे ४० घनमीटर, सोप्या भाषेत ४०,००० लिटर पाणी.

एवढं पाणी फक्त १ अंश सेल्सिअसने तापवायला साधारण ४६.५ युनिट इतकी ऊर्जा लागते. युनिट म्हणजे तेच, जे वीजबिलावर छापलेलं असतं.

पाणी २३ अंशांवर आहे आणि ते २८ वर न्यायचंय असं समजू. पोहण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये पाणी २५ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवतात, त्यामुळे घरच्या पूलला २८ अंश भरपूर झाले. ५ अंश वाढवायचे म्हणजे जवळपास २३२ युनिट.

हा आकडा किती मोठा आहे ते बघा. बाथरूममधला २ किलोवॅटचा गीझर घेतला, तर तो सलग ११६ तास, म्हणजे जवळजवळ पाच दिवस-रात्र चालू ठेवावा लागेल. १० रुपये युनिट धरलं तरी एका वेळचे २,३०० रुपये. गॅसवर तापवायचं म्हटलं तर १९ किलोचा एक सिलिंडर संपून दुसरा जोडायची वेळ येईल. आणि या हिशेबात पाणी तापताना वाटेत वाया जाणारी उष्णता धरलेलीच नाही.

बरं, मग गच्चीवर असतो तो सोलर हीटर? २०० लिटरचा हीटर एका दिवसात पाणी २५ वरून ६० अंशांवर नेतो असं धरलं, तर तो दिवसाला साधारण ८ युनिट उष्णता देतो. पूलची गरज २३२ युनिटची. म्हणजे एका दिवसात काम उरकायचं तर असे २९ हीटर लागतील!

इथेच बरेच जण हात टेकतात. पण थांबा, गोष्टीची दुसरी बाजू अजून आलेली नाही.

उष्णता जाते कुठे?

पूल स्वतःच एक मोठा सोलर हीटर असतो. आपल्या पूलच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ आहे ३२ चौरस मीटर. महाराष्ट्रात एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ५ युनिटच्या आसपास सूर्याची ऊर्जा पडते. म्हणजे रोज सुमारे १६० युनिट ऊर्जा थेट पूलवर पडते आणि तिच्यातली बरीचशी पाणी शोषून घेतं. कुठलंही पॅनल न लावता, एकही रुपया न देता.

असं असेल तर पाणी आपोआप तापायला हवं. ते तापत नाही, कारण जेवढी ऊर्जा येते जवळपास तेवढीच निघूनही जाते.

ती जाते कुठून, याचं उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटतं. पूलच्या भिंतींतून आणि तळातून फारच कमी उष्णता जाते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या हिशेबानुसार उघड्यावरच्या पूलची साधारण ७० टक्के उष्णता बाष्पीभवनातून जाते. आणखी २० टक्क्यांच्या आसपास उष्णता रात्रीच्या मोकळ्या आकाशाकडे निघून जाते. उरलेली जमीन वगैरे इतर वाटांनी.

माठातलं पाणी गार का होतं? बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पूल म्हणजे एक अवाढव्य माठच समजा. फरक इतकाच, की माठाने पाणी गार करावं अशी आपली इच्छा असते आणि पूलने करू नये अशी.

आता याचंही गणित मांडू. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळपास ०.६८ युनिट उष्णता जाते. दिवसभरात पूलची पातळी फक्त ५ मिलिमीटरने खाली गेली असं धरा. डोळ्यांना हा फरक कळणारही नाही. पण ३२ चौरस मीटरवर ५ मिलिमीटर म्हणजे १६० लिटर पाणी. त्याच्याबरोबर गेली १०८ युनिट उष्णता. म्हणजे सगळ्या पूलचे सव्वादोन अंश!

घाटमाथ्यावरचा आणि देशावरचा हिवाळा यात आणखी भर घालतो. पुण्यात जानेवारीत दुपारी पारा ३० च्या आसपास असतो आणि पहाटे ११-१२ वर, कधी त्याहीखाली. हवा कोरडी, आकाश निरभ्र. कपडे पटकन वाळण्यासाठी जे हवामान उत्तम, तेच पूल थंड करण्यासाठीही उत्तम. अलिबागसारख्या दमट, कमी थंडीच्या किनाऱ्यावर हा त्रास त्यामानाने कमी असतो.

म्हणून पहिला खर्च कव्हरवर

पूलमधून उष्णता बाहेर पडत असताना नुसतं तापवत बसणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणं. आधी भोक बुजवायचं, मग पाणी ओतायचं.

हे भोक बुजवतं पूल कव्हर. पॅकिंगमध्ये फुगे असलेलं प्लास्टिक येतं ना, जे फोडायला सगळ्यांना आवडतं, तसंच पण जाड आणि ऊन सहन करणारं. बाजारात ते बबल कव्हर किंवा सोलर कव्हर या नावाने मिळतं. फुग्यांची बाजू खाली, पाण्याकडे ठेवून ते पाण्यावर अंथरायचं असतं. त्यामुळे पाणी आणि हवा यांचा थेट संबंध तुटतो आणि बाष्पीभवन जवळजवळ थांबतं. कव्हर पारदर्शक असेल तर दिवसा ऊनही आत जातं.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागानुसार पूल तापवण्याचा खर्च कव्हरमुळे ५० ते ७० टक्क्यांनी कमी होऊ शकतो. पूलमध्ये वरून घालावं लागणारं पाणी ३० ते ५० टक्क्यांनी आणि रसायनांचा वापर ३५ ते ६० टक्क्यांनी घटतो. कॅलिफोर्नियात तर गॅस किंवा हीट पंपावर तापवल्या जाणाऱ्या उघड्या पूलला कव्हर असणं ऊर्जा नियमांनीच बंधनकारक केलंय.

आपल्याकडे यातला पाण्याचा मुद्दा आणखी महत्त्वाचा आहे. रोज १६० लिटर म्हणजे महिन्याला ४,८०० लिटर. १०,००० लिटरचा अर्धा टँकर, कुणीही न पोहता, हवेत गेला. शेजारच्या वाडीवर मार्च उजाडला की हंड्यांची रांग लागत असेल, तर या अर्ध्या टँकरचा विचार पूल बांधणाऱ्याने करायलाच हवा.

कव्हरच्या बाबतीत एक धोका मात्र लक्षात ठेवाच. पाण्यावर तरंगणारं कव्हर माणसाचं वजन पेलत नाही. लहान मूल त्यावर पाय ठेवून पडलं तर ते खाली अडकतं आणि वरून कुणाला दिसतही नाही. म्हणून पोहण्याआधी कव्हर पूर्ण काढायचं, अर्धं गुंडाळून उरलेल्या भागात पोहायचं नाही. पूलभोवतीचं कुंपण आणि मुलांवरची नजर यांना कव्हर हा पर्याय नाही.

आता येते सोलरची पाळी

सोलर म्हटलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात, आणि तिसरी चुकून गळ्यात मारली जाते. तिन्ही समजून घ्या.

पहिली, पूलसाठीच बनवलेली काळी मॅट. काळ्या प्लास्टिकच्या किंवा रबराच्या बारीक नळ्या शेजारी शेजारी जोडून ही तयार होते. वर काच नाही, खाली धातूची पेटी नाही. पूलचं पाणी या नळ्यांमधून फिरतं, ऊन खातं आणि परत पूलमध्ये येतं. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात उन्हावर पूल तापवण्यासाठी हीच पद्धत सर्वाधिक रुळलेली आहे. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्या बॅकयार्डमध्ये पूल आहे, त्यांना छपरावरच्या या काळ्या पट्ट्या ओळखीच्या असतील.

दुसरी, वीज बनवणारी पॅनल्स आणि त्यांच्या जोडीला हीट पंप. हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून तो पाण्यात सोडतो. चांगल्या हवामानात एक युनिट वीज खाऊन तो चार-पाच युनिट उष्णता देतो.

तिसरी, आंघोळीच्या पाण्यासाठीचा काचेच्या नळ्यांचा किंवा तांब्याच्या प्लेटचा सोलर हीटर. पूलसाठी नेमका हाच अनेकदा सुचवला जातो, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा असतो. पण त्याचं काम पाणी ६० अंशांवर न्यायचं आहे. एवढं गरम पाणी बाहेरच्या गार हवेत उष्णता गमावतं, म्हणून त्याला काच आणि आवरण लागतं आणि त्याची किंमत वाढते. पूलला हवंय फक्त २८ अंश. दुपारी बाहेरची हवाच २८-३० अंशांवर असेल तर उष्णता पळून जायला कारणच उरत नाही. मग काचेचे पैसे कशाला भरायचे? शिवाय क्लोरीनचं पाणी थेट तांब्याच्या नळ्यांतून फिरवलं तर त्या खराब होऊ शकतात. ते टाळायला मध्ये वेगळा हीट एक्स्चेंजर बसवावा लागतो. म्हणजे खर्च पुन्हा वाढला.

काळी मॅट काम कशी करते?

पूलला फिल्टर आणि पंप असतोच. फिल्टरमधून स्वच्छ होऊन येणारं पाणी पूलमध्ये जाण्याआधी एका व्हॉल्व्हने छपराकडे वळवलं जातं. एक सेन्सर छपरावरचं तापमान बघतो, दुसरा पूलचं. छप्पर जास्त गरम असेल तेव्हाच कंट्रोलर पाणी वर पाठवतो. ढग आले किंवा संध्याकाळ झाली की पाणी पुन्हा सरळ पूलमध्ये. यासाठी एक सवय मात्र बदलावी लागते. रात्री चालवला जाणारा फिल्टर पंप दिवसा, ऊन असताना चालवायचा.

मॅट किती मोठी हवी? पूलच्या पृष्ठभागाच्या ५० ते १०० टक्के, असा ढोबळ नियम आहे. आपल्या ३२ चौरस मीटरच्या पूलला १६ ते ३२ चौरस मीटर. आपण २० चौरस मीटर धरू. हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी दक्षिणेकडे तोंड करून, साधारण ३० अंशांच्या उतारावर बसवलेली एवढी मॅट दिवसाला ७० युनिटच्या आसपास उष्णता देऊ शकते. म्हणजे पूलचं पाणी रोज साधारण दीड अंश वर.

आता मगाचा आकडा आठवा. बाष्पीभवनाने जाणारी उष्णता होती रोज सव्वादोन अंश. कव्हर नसेल तर मॅट दिवसभर जे कमावते ते सगळं त्यातच खपतं. कव्हर असेल तर तीच मॅट पाण्याला रोज थोडं थोडं वर नेते. सोलर बसवूनही पाणी तापत नाही, या तक्रारीमागे अनेकदा एवढंच कारण असतं.

वीकेंडच्या व्हिलासाठी हा संथपणा उलट सोयीचाच आहे. पाहुणे शुक्रवारी येणार. सोमवार ते शुक्रवार पाच दिवस ऊन फुकट काम करतं, रात्री कव्हर ती कमाई राखतं आणि शुक्रवारी संध्याकाळी पाणी पोहण्याजोगं असतं. अट एकच, बंगला सांभाळणाऱ्या माणसाने रोज संध्याकाळी कव्हर घालायला हवं. त्याला एकट्याला ते जड जात असेल तर कव्हर गुंडाळायचा रोलर बसवून द्या, नाहीतर महिनाभरात कव्हर कोपऱ्यात पडलेलं सापडेल.

आणखी एक गैरसमज. छपरावरून परत येणारं पाणी कढत असलं पाहिजे असं अनेकांना वाटतं. हाताला ते जेमतेम कोमट लागतं आणि मालक म्हणतो, सिस्टीम बंद आहे! खरं तर भर दुपारी, तासाला ५,००० लिटर पाणी फिरत असेल, तर ते दोनेक अंशांनीच तापून परत येतं. पण दिवसभर फिरत राहतं. मॅटला हात लावला तर ती गारच लागली पाहिजे. मॅट चटका देत असेल तर पाणी कमी वेगाने फिरतंय आणि तिच्यातली उष्णता पाण्यात न जाता हवेत चाललीये.

याच मॅटचा उलटा उपयोगही होतो. विदर्भात मे महिन्यात पूलचं पाणी कोमट होऊन पोहण्याची मजा जाते. तेव्हा पाणी रात्री छपरावरून फिरवलं की ते काही अंशांनी गार होतं.

मग हीट पंप कधी घ्यायचा?

मॅटकडून जमत नाही अशा तीन गोष्टी आहेत. पावसाळ्यातले सलग ढगाळ दिवस, एका रात्रीत पाणी तापवण्याची घाई आणि सावलीतलं किंवा अपुरं छप्पर. अशा वेळी हीट पंप लागतो.

मॅट जेवढी उष्णता देते तेवढीच, म्हणजे ७० युनिट, हीट पंपाकडून हवी असेल तर दिवसाला १५ युनिटच्या आसपास वीज लागेल. त्यासाठी साधारण ४ किलोवॅटची सोलर पॅनल्स, आणि एका किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर जागा धरली तर ४० चौरस मीटर छप्पर. मॅटला लागलं होतं त्याच्या दुप्पट. पण पूल तापवायचा नसेल त्या महिन्यांत या पॅनल्सची वीज घरात वापरता येते. मॅट मात्र तेव्हा नुसती पडून राहते.

सबसिडीचा प्रश्न हमखास येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टीमसाठी जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरवलं गेलं. पण ही योजना छतावर वीज बनवणाऱ्या पॅनल्सची आहे. पूलच्या काळ्या मॅटवर या योजनेची सबसिडी मिळवून देतो असं कुणी म्हणालं, तर तिथेच सावध व्हा.

ऑर्डर देण्याआधी विचारायचे प्रश्न

पूलचं क्षेत्रफळ किती आणि मॅट किती चौरस मीटरची देताय? स्वच्छ दिवशी पाणी रोज किती अंशांनी वाढेल, आणि हा आकडा कव्हरसह आहे की कव्हरशिवाय? आहे तो पंप छपरापर्यंत पाणी चढवू शकेल का, की मोठा घ्यावा लागेल? दुपारी छपरावर झाडाची किंवा टाकीची सावली येते का? मॅट वाऱ्याने उडू नये म्हणून ती कशाने बांधणार? नळ्यांना आणि जोडांना वॉरंटी किती वर्षांची, आणि ती कोटेशनमध्ये लिहून देणार का?

यातल्या दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गडबडला, तर त्याने पूलचा हिशेब केलेलाच नाही असं समजा.

क्रम सोपा आहे. आधी कव्हर घ्या आणि एक हिवाळा नुसत्या कव्हरवर काढा. पूलवर दिवसभर चांगलं ऊन पडत असेल तर तेवढ्यानेच काही अंशांचा फरक पडेल आणि कदाचित तेच पुरेसं ठरेल. कमी पडलं तर छपराचं माप घेऊन काळी मॅट बसवा. हीट पंपाकडे वळायचं ते त्यानंतर, आणि तेही खरंच बारा महिने गरम पाणी हवं असेल तरच.